सोनलचा ब्रश

"ओढणी काढ की गं," देवकरवहिनी म्हणाल्या, तरी केतकीनं ती तोंडावर धरूनच ठेवली. डोळे तेवढे दिसत होते, आणि ते रडून सुजले होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मी नुकतंच पार्लर उघडून आरशावरून कपडा फिरवत होते. परवा तिची हळद व्हायची होती, तेरवा लग्न.

शेवटी वहिनींनीच ओढणी ओढली.

दोन्ही गाल आणि हनुवटी लालभडक झाली होती, सायकलवरून पडून खरचटावं तशी. उजव्या गालाला पाणी सुटलं होतं. काही ठिकाणी बारीक खपली धरायला लागली होती. ओठांच्या कडेची कातडी ताणून चकाकत होती.

"त्या सोनलनं केलं हे," वहिनी म्हणाल्या. "तिच्या त्या ब्रशच्या मशीननं. काल दुपारी करून आणलं, आणि संध्याकाळपासून नुसती आग आग. डोळ्याला डोळा नाही पोरीच्या. उज्ज्वलाताई, आता तुम्हीच काहीतरी करा. पाया पडते तुमच्या."

खरं ते सांगते. केतकीचा चेहरा बघून मला सगळ्यात आधी जे वाटलं ती दया नव्हती. वर्षभर पोटात जिथं जळत होतं, तिथं काहीतरी गार उतरलं.

"बस," मी केतकीला म्हणाले आणि खुर्ची फिरवली. "वहिनी, समोरच्या दुकानातून बर्फ मिळतो का बघता?"

वहिनी लगबगीनं बाहेर गेल्या. त्या उंबऱ्याबाहेर पडायची वाट बघत असल्यासारखी केतकी माझ्याकडे वळली.

"ताई, ते औषधामुळं झालं ना? ते मलम..."

"माहितीये मला. आता गप्प बस. बोललीस की गाल ताणतात."

"सोनलताईनं विचारलं होतं मला, काही लावतेस का म्हणून. पण आई शेजारीच बसली होती. मी नाही म्हणाले."

"बरं," मी म्हणाले, आणि मलमलचा तुकडा पाण्यात बुडवायला तिच्याकडे पाठ केली.

वहिनी बर्फ घेऊन आल्या. मी कापडाची घडी गार करून गालांवर नुसती टेकवत राहिले. "असं कसं हो झालं?" त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "मशीनच शेवटी ते. त्याला काय कळतंय कुणाची कातडी कशी आहे?"

केतकीनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी नजर कापडावरच ठेवली.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. आम्ही विट्यात राहत होतो, अजूनही राहतो. विट्याची निम्मी माणसं बाहेरगावी असतात. कुणी कोइमतूरला, कुणी कलकत्त्याला, सोनंचांदी गाळायच्या धंद्यात. केतकीचे वडील कोइमतूरला होते. अशा घरांतली लग्नं मोठी होतात, कारण दिवाळीला आणि लग्नालाच काय ती सगळी एकत्र येतात. देवकरांच्या घरातल्या पाच नवऱ्या मी सजवल्या होत्या. केतकी सहावी असणार, हे मी धरूनच चालले होते.

सोनल माझ्याकडे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. लेंगऱ्याहून रोज एसटीनं यायची. दोरा धरायलासुद्धा मी शिकवला तिला. स्वतःच्या नडगीवरचे केस काढून काढून तिनं आयब्रोचा हात बसवला, नडगी महिनाभर लाल होती. आठ वर्षं होती माझ्याकडे. माझ्या मुलीच्या बारशाला पाळणा तिनं सजवला. नंतर नंतर बायका आत आल्या की आधी विचारायच्या, "सोनल आहे का?" मी हसून म्हणायची, "आहे की." ते हसणं मला किती जड जात होतं, हे तेव्हा माझं मलाही नीट कळत नव्हतं.

एक दिवस ती म्हणाली, "ताई, मला माझं काहीतरी करून बघायचंय." मी म्हणाले, "कर की. अडवलंय कुणी?" तिनं आमच्याच रस्त्याला, समोरच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर जागा घेतली. काचेचं दार, पांढरे दिवे. पुण्याला जाऊन आठ दिवसांचं शिक्षण घेऊन आली, आणि येताना तो ब्रश घेऊन आली.

उद्घाटनाला मी गेले. नाही जाऊन कसं चाललं असतं? सोनलनं वाकून नमस्कार केला आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "पहिला चेहरा ताईंचा. त्यांच्यापासून सुरुवात करणार मी."

मी खुर्चीत डोळे मिटून पडले. विजेवरचा ब्रश, मुठीत मावेल एवढा. गोल डोकं, त्यावर रेशमासारखे बारीक केस. तो सुरू झाला तसा कानाशी भुंगा आल्यासारखा आवाज झाला. मी अंग आक्रसून घेतलं, टोचेल म्हणून. टोचलं नाही. ओल्या गालावर फेस फिरत होता आणि त्या फेसाखालून काहीतरी हलकेच गोल गोल जात होतं. कपाळ, मग नाक, मग नाकाच्या कडेची ती खाच, जिथं माझं बोट कधी नीट पोचलं नव्हतं.

"दाबायचं नाही हा," सोनल बाकीच्यांना सांगत होती. "लोकांना वाटतं, दाबलं की जास्त साफ होतं. तसं नाही. नुसता टेकवायचा. एका गालाला वीस सेकंद, बास. आणि रोज करायचा नाही. आठवड्यातून दोनदा, फार तर."

"आणि पुटकुळ्या असतील तर?" कुणीतरी विचारलं.

"मग अजिबात नाही. सुजलेल्या जागेवर ब्रश फिरवला की घाण सगळीकडे पसरते. कातडी पातळ असेल, सोललेली असेल, तर मी नाहीच म्हणणार. एकीचा ब्रश दुसरीला नाही. ही डोकी निघतात, प्रत्येकीला वेगळं. पण तेलकट चेहरा असेल, बाहेर फिरून काळवंडला असेल, क्रीम बसून बसून भोकं भरली असतील, तर हातानं दहा मिनिटं घासूनही जे निघत नाही ते यानं दोन मिनिटांत निघतं."

मी चूक शोधत होते. आठ वर्षं शिकवलेल्या पोरीची एक तरी चूक सापडावी म्हणून कान देऊन ऐकत होते. सापडली नाही. त्या वर्षी माझे अंगठे दुखायला लागले होते. दोन फेशियल केले की तिसऱ्याला गालावरून अंगठा फिरवताना कळ यायची. आणि इथं हे यंत्र न थकता फिरत होतं.

तिनं आरसा दिला. चेहरा छान दिसत होता. माझाच, पण पाच वर्षं मागचा. "बघा, ताईंच्या तोंडावर कसं तेज आलंय!" एकजण म्हणाली.

घरी येऊन मी साबणानं दोनदा तोंड धुतलं. तेज गेलं नाही.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते सांगायलाही लाज वाटते. माझ्या खुर्चीवरून खिडकीतून तिचा जिना दिसायचा. कोण चढतंय, कोण उतरतंय, मी बघायची. दोरा तोंडात धरून समोरचीची भुवई करतानाही बघायची. एकदा एका बाईची भुवई त्यापायी जास्त उडाली. ओळखीच्या बायका जिन्याशी आल्या की माझ्या दाराकडे न बघता भरभर चढायच्या. त्याचा मला जास्त राग यायचा, सरळ बघून हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खरारा करतात घोड्याला, तसलं आहे ते," मी गिऱ्हाइकांना सांगायची. "आज चमकेल. वर्षानं बघा कातडीचं काय होतं ते."

नवरा एकदा डबा द्यायला आला आणि बघत उभा राहिला. म्हणाला, "किती वेळा मान वळवतेस गं त्या जिन्याकडे? मानेला पट्टा लागेल." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

केतकी मात्र माझ्याकडेच येत होती. फेब्रुवारीत ती एकटी आली, दार लोटलं आणि म्हणाली, "ताई, एक सांगायचंय, पण आईला सांगू नका." तिच्या हनुवटीवर मुरमं यायची. सोयरिक जमली तशी तिनं गुपचूप पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं होतं. त्यांनी झोपताना लावायचं मलम दिलं होतं. ते मलम कातडीचा वरचा थर हळूहळू काढतं, नवीन कातडी वर आणतं. गुण चांगला, पण तोवर चेहरा नाजूक होतो. "आईला कळलं की घरभर होईल," केतकी म्हणाली. "आणि मग सासरी. मुलीच्या तोंडाला औषध चालू आहे म्हणून."

मी तिला बजावलं होतं. मलम चालू आहे तोवर वॅक्स नाही, ब्लीच नाही, वाफ नाही, घासायचं तर नावच नाही. तिनं मान डोलावली होती.

एप्रिलात देवकरवहिनी मला बाजारात भेटल्या. मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाल्या, "उज्ज्वलाताई, मनावर घेऊ नका हं. पण केतकीचं सगळं सोनलकडं द्यायचं ठरवलंय. पोरींना आजकाल ते ब्रशचंच पाहिजे असतं. तिच्या आत्येबहिणीनं केलं तर काय चेहरा झाला! तुमचा हात जुना, चांगलाच आहे, पण फोटोबिटो असतात आता."

"मनावर काय घ्यायचं त्यात," मी म्हणाले. हातातल्या पिशवीत काय काय घेतलं होतं ते मला घरी जाईपर्यंत आठवेना.

आणि मेच्या मध्यावर त्या दोघी माझ्या खुर्चीपाशी होत्या.

मी जीव लावून काम केलं, हे मात्र खरं. त्या सकाळीच सांगलीच्या त्वचेच्या डॉक्टरांना फोन करून वेळ घेतली आणि दोघींना गाडीनं पाठवलं. बाहेर पडायच्या आधी केतकीच्या कानात सांगितलं, "डॉक्टरांना मलमाचं खरं सांग. आईला पाणी आणायला पाठव आणि सांग." त्यांनी मलम बंद केलं, दुसरं औषध दिलं. दिवसातून चार वेळा मी देवकरांच्या घरी जाऊन गार कापड ठेवत होते. हळदीला आत्या आणि मावश्या हात भरून पुढं आल्या तेव्हा मी मध्ये उभी राहिले. "हळद हाताला आणि पायाला. तोंडाला बोट लावायचं नाही कुणी." लग्नाला मी जवळजवळ काहीच लावलं नाही तिला. डोळे भरून काढले, ओठ गडद केले, म्हणजे बघणाऱ्याची नजर गालावर थांबू नये. मुंडावळ्यांचे मोती गालांवर घासू नयेत म्हणून त्यांच्या लडी मागं घेऊन अंबाड्यात अडकवल्या. फोटोवाल्याला सांगितलं, डावीकडून काढ.

मांडवात माझं नाव झालं. "उज्ज्वलाताई होत्या म्हणून पोरगी उभी राहिली," वहिनी प्रत्येकीला हात धरून सांगत होत्या. आणि पुढचं वाक्य असायचं, "त्या सोनलनं तर वाटोळं केलं होतं."

पंधरा दिवसांत तिचा जिना रिकामा झाला. विटा काय एवढं मोठं गाव नाही. ज्या बायका भरभर चढायच्या त्या आता माझ्याकडे येऊन बसायच्या आणि मीच सुरुवात करायची गरज नसे. "जळलं मेलं ते मशीन," म्हणायच्या. "हाताची सर येते का कशाला?" मी "हं" म्हणायची. माझे अंगठे ठणकायचे आणि मी गाल चोळत राहायची.

मला वाटलं होतं, मी खूश होईन. पण मी वाट बघत होते. फोन वाजला की वाटायचं, आता. दार उघडलं की वाटायचं, आता. सोनल आता बोलणार, चारचौघीत बोलणार. आठ दिवस गेले, पंधरा गेले, ती काही बोलली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची म्हणे, "माझी चूक झाली." एवढंच.

जूनच्या मध्यावर एका दुपारी ती आली. पार्लरमध्ये कुणी नव्हतं. केस तेल लावून घट्ट बांधलेले, ओठांना काही नाही. पूर्वी कामाला यायची तशीच. मी टॉवेलच्या घड्या घालत होते. हातातल्या टॉवेलची घडी मी दोनदा मोडली आणि दोनदा घातली.

"बस," मी म्हणाले.

ती स्टुलावर बसली. "ताई, मी जागा सोडतेय. महिनाअखेरीस."

"अगं, एवढं काय..."

"कुणी येत नाही. आले तर आयब्रोला येतात, आणि त्याही घाबरत." "मी विचारायला आलेय, तुमच्याकडं माझी खुर्ची आहे का अजून? तुमचे अंगठे दुखतात, मला माहितीये. तुम्ही सांगत नव्हता, पण दिसायचं मला. मी सगळे फेशियल करीन. ब्रश नाही आणणार. हातानंच करीन."

वर्षभर रोज जे डोळ्यांसमोर आणलं होतं, ते असंच होतं. ती परत येते, मान खाली घालून, आणि मी म्हणते, ये.

"माझंच चुकलं, ताई," ती म्हणाली. "केतकीच्या गालाला हात लावला तेव्हा तो कागदासारखा लागला होता. संशय आला होता मला. तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. तुमच्याकडं येऊन विचारलं, तरी परत आपल्या मनाचं ऐकायला पाहिजे होतं. तुम्हाला तरी कुठं माहीत असणार, ती काय लावते ते."

हो. ती आली होती. लग्नाच्या चार दिवस आधी, अशाच दुपारी, ह्याच दारात. आत आली नव्हती, उंबऱ्यावरच उभी राहिली होती. म्हणाली होती, "ताई, एक विचारू? देवकरांची केतकी तुमच्याकडं यायची ना. तिच्या तोंडाला काही औषध आहे का? मी विचारलं तर नाही म्हणते, पण आई शेजारी होती. मला शंका येतेय. असेल तर मी ब्रश लावत नाही, नुसतं दुधानं पुसते."

ती विचारायला आली होती. समोरासमोर, माझ्याकडे. मी तेव्हाही टॉवेलच्या घड्याच घालत होते. मान वर न करता म्हणाले होते, "नाही. काही नाही. लाव बिनधास्त."

"नक्की ना?"

"मला काय विचारतेस? आता तू शिकून आलीयेस पुण्याहून."

ती हसली होती, आणि रस्ता ओलांडून जिना चढून गेली होती. मी खिडकीतून बघितलं होतं.

नंतर मी स्वतःला समजावलं होतं, केतकीनं सांगू नका म्हणून शपथ घातली होती, मी शब्द पाळला. महिनाभर मी ते उगाळत होते. त्या दुपारी सोनल स्टुलावर बसून "तुम्हाला तरी कुठं माहीत असणार" म्हणाली, आणि ते समजावणं पुढं चालेना.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

तिला ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"मलमाचं. फेब्रुवारीपासून माहीत होतं. तू विचारायला आलीस तेव्हाही."

सोनलनं माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर राग आला असता तर मी तो झेलला असता. तिच्या तोंडावर हिशेब न लागल्यासारखं काहीतरी होतं.

"मग सांगितलं का नाही?"

"उद्घाटनाला तू माझा चेहरा केलास ना. तो चांगला झाला होता. म्हणून."

मी दुसरं काही बोलू शकले असते. पण खरं तेवढंच होतं.

ती उठली. स्टूल जागच्या जागी, भिंतीला लावून ठेवलं, आठ वर्षं ठेवायची तसं. दारापाशी गेली आणि वळली.

"हे मला सांगून काय करू मी?" तिनं विचारलं. "मी काय गावात सांगत फिरू? कोण विश्वास ठेवेल माझ्यावर? ज्यांच्यापुढं माझं नाव गेलंय त्यांना सांगा. जमलं तर."

त्यात 'ताई' नव्हतं. मला ते ती गेल्यावर कळलं.

मी लगेच गेले असं नाही. केतकी सासरी मिरजेला होती, हे एक कारण मिळालं. मग वहिनींची कंबर धरली होती, हे दुसरं. आषाढात नव्या नवऱ्या माहेरी येतात, तशी केतकी आली. मग कारण उरलं नाही. सोनलनं जागा सोडली नव्हती अजून, घरमालकानं एक महिना थांबायला सांगितलं होतं.

देवकरांचा दिवाणखाना वरच्या मजल्यावर होता. वहिनींनी मला बघून पंखा वाढवला, चहा टाकायला सांगितलं. केतकी समोर बसली. गाल भरले होते, रंग जवळजवळ सारखा झाला होता. मला बघून ती मोकळी हसली.

मी चहा यायच्या आत बोलून टाकलं. सोनल विचारायला आली होती. मला मलमाचं ठाऊक होतं. मी नाही म्हणाले. चूक सोनलची नाही, माझी आहे. तिचं दुकान बंद पडायला आलंय, तेवढं तुम्ही लोकांना सांगा. मी घडाघडा बोलले, पाठ केल्यासारखी. संपलं तेव्हा मला हलकं वाटलं, अगदी खरंच हलकं.

वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या केतकीकडे बघत होत्या.

"कसलं मलम?" त्या म्हणाल्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी काय केलं ते.

"कसलं मलम गं? कोणत्या डॉक्टरचं? आणि मला न सांगता? तुझ्या सासूला कळलं तर काय..."

"आई, थांब," केतकी म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही. ती माझ्याकडे वळली. "ताई, मी आईला सांगू नका म्हटलं होतं. सोनलताईला सांगू नका असं म्हटलं नव्हतं."

"हो."

"जिला सांगायला पाहिजे होतं तिला सांगितलं नाही. आणि जिला नको होतं तिला आज सांगितलं."

मी मान हलवली.

"आत्ता आल्यापासून तुम्ही सोनलताईचं बोलताय," ती म्हणाली. "तिचं दुकान, तिचं नाव. तुमची चूक, तिची चूक. चेहरा माझा होता, ताई. मी कितीदा येऊन बसले होते तुमच्यासमोर. लाव बिनधास्त म्हणालात तेव्हा मी एकदा तरी आले का तुमच्या मनात?"

नव्हती आली. मी आठवून बघितलं. त्या दुपारी माझ्या मनात सोनल होती, तिचा जिना होता, पांढरे दिवे होते. ब्रश कुणाच्या तोंडावर फिरणार आहे हे माझ्या डोळ्यांसमोर आलंच नव्हतं. आणि महिनाभर मी ज्याला पश्चात्ताप म्हणत होते, त्यातही ती नव्हती.

चहा आला. वहिनी म्हणाल्या, "घ्या," पण कप पुढं केला नाही. मी उठले.

वहिनींनी मलमाचं नाव न घेता माझं खोटं गावभर केलं, हे चांगलंच झालं. महिन्याभरात माझ्याकडच्या बायका कमी झाल्या. काही तोंडावर बोलल्या, बऱ्याच नुसत्या आल्या नाहीत. सोनलनं जागा सोडली नाही. तिचा जिना पुन्हा भरायला वर्ष गेलं, पण भरला. माझ्याकडं आता आयब्रो आणि मेंदी एवढंच आहे, अंगठ्यांना तेवढंच झेपतं. रस्त्यात भेटलो तर ती मान हलवते, मी हलवते. तेवढंच.

पण त्या दिवशी मी देवकरांचा जिना उतरून फाटकापर्यंत गेले आणि थांबले. सोनलला मी खरं सांगितलं होतं. देवकरवहिनींना सांगितलं होतं. केतकीला मी काहीच म्हणाले नव्हते. मग परत वर गेले.

दार केतकीनंच उघडलं. आतून वहिनींचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता.

"काय राहिलं?" तिनं विचारलं.

"तुझी माफी मागायची राहिली."

ती दारात उभी राहिली. आत या म्हणाली नाही. तिनं उजव्या कानावरचे केस मागं केले आणि मान वळवली. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या हाडावर, रुपयाएवढा काळसर डाग होता. मोकळे केस सोडले की दिसत नसेल.

"हा जात नाही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, वर्ष लागेल. कदाचित राहील. सासूबाईंनी अजून बघितला नाही."

मग तिनं माझा हात धरला आणि माझं बोट त्या डागावर ठेवलं. मी हजारो चेहऱ्यांना हात लावलेत. बोट मागं घ्यावंसं फक्त तेव्हाच वाटलं. तिनं माझं मनगट सोडलं नाही. कातडी अजून खरबरीत होती.